डाव्या सीटवरची धम्मशीला

धम्मशीला गवई चिखलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे बसस्टँडमागच्या गाळ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि टपावर शिकाऊची लाल पाटी लावलेली एक पांढरी गाडी. या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन-दोन आहेत. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरी डाव्या बाजूला धम्मशीलाच्या. गेली वीसेक वर्षं ही बाई त्या डाव्या सीटवर बसून अर्ध्या तालुक्याला म्हशींवर, दुधाच्या कॅनवर आणि एकमेकांवर आदळण्यापासून वाचवते आहे.

एवढ्या वर्षांत तिची गाडी चाळीसच्या वर गेली नाही. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मला तिनं शिकवलं तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. यजमान गेले, गाडी दारात धूळ खात पडली, आणि प्रत्येक कामाला कुणाच्या तरी मुलाची मनधरणी करायचा मला वीट आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आजी, घाई करू नका." मी म्हटलं, "आजी म्हणायचं असेल तर मी उतरते." तेव्हापासून मी काकू.

तिचा पहिला धडा सगळ्यांना पाठ आहे. गाडीत बसलं की चावीला हात लावायचा नाही. "पहिले सीट, मंग आरसा, मंग बेल्ट." कलेक्टर येऊन बसला तरी ती हेच म्हणेल. मी तीन वेळा सीट न सरकवता चावी फिरवली आणि तिन्ही वेळा तिनं चावी काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

एक खोड मात्र तिला या धंद्यानं लावली. तिचे पाय कधीच स्वस्थ नसतात. एसटीत बसली की पुढं बैलगाडी दिसताच पाय जमिनीवर दाबला जातो. लग्नात खुर्चीवर बसली तरी तेच. बुद्धविहारात मांडी घालून वंदनेला बसते, तेव्हा मांडीखालून अंगठा हलताना मी पाहिला आहे. तिची आई महामाया म्हणते, "हे झोपीतही ब्रेक मारते. माह्या खाटेले लाता बसतात."

तर ही धम्मशीला दिवाळीनंतर एका दुपारी माझ्याकडं आली. पाणी प्यायली नाही, बसली नाही.

"काकू, मले गाडी घ्याची आहे."

"एक आहे ना?"

"ते शिकवाची. मले पळवाची पाह्यजे."

तिची एक जुनी विद्यार्थिनी, करिष्मा, आता पुण्यात नोकरी करते. तिनं मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. पुण्यापलीकडं गाड्या पळवण्याचा एक छोटा ट्रॅक आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी तिथं कुणीही आपली गाडी घेऊन यायचं, ती तपासून घ्यायची, हेल्मेट घालायचं आणि वळणावळणाच्या त्या बंद रस्त्यावर हवी तितकी पळवायची. शर्यत नाही, नंबर नाही. समोरून कुणी येत नाही, आडवं कुणी जात नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी करिष्मानं तिचं नाव घालून टाकलं होतं. स्कूलची गाडी चालणार नव्हती, कारण दुहेरी पेडल असलेली गाडी ते आत घेत नाहीत. म्हणजे त्या रविवारच्या आत दुसरी गाडी हवी, आणि तीही तिला झेपेल अशी जुनीच.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात महामायेनं लेकीची उलटतपासणी माझ्यासमोरच घेतली.

"बक्षीस काय भेटते वं?"

"काई नाई."

"मंग जेवण त देत असतीन?"

"आपलं आपुन."

"मंग काऊन जाते वं?"

धम्मशीला चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मा, मले गाडी चालवता येते का नाई, हेच मले मालूम नाई राह्यलं. मी फक्त थांबवते."

हे ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, उद्यापासून गाड्या बघायला मी येते.

तिची अट साधी होती. पेट्रोलची, हलकी, छोटी गाडी. हातानं गिअर टाकायची. पार्ट कुठंही मिळावेत. रंग, गाणी, एसी यांच्याशी घेणं नाही. ब्रेक आणि चेसिस मात्र धड हवं. आणि पाहायची रीत तिची स्वतःची. ती डावीकडं बसणार, गाडी मी चालवायची. "काकू, तुमी गिअर घासता. ब्रेक टायमावर लावत नाई. खड्डा पाहून सरळ त्याच्यातच जाता. तुमच्या हातात जे टिकीन ते कुठीबी टिकीन." अपमान होता, पण तर्क बिनतोड होता.

पहिली गाडी उंद्रीला. मालक भगवानराव, शेत भरपूर, अंगण त्याहून मोठं. गाडी जीपच्या जातीची, उंचच उंच. भगवानरावांनी चहा पाजला आणि सांगू लागले, "नऊ माणसं आरामात बसतात. दहावं पोट्टं पायापाशी. मागच्या साली शेगावले चौदा नेले."

"मले एकटीले बसाचं आहे," धम्मशीला म्हणाली.

भगवानरावांना ते समजेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गाडी एकटीसाठी घेतात, हे त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "अवो बाई, दारात गाडी आली म्हंजे गल्लीतले बाळंतपणं आलेच ना!"

मी ती गाडी गावाबाहेरच्या वळणापर्यंत नेली. वळवायची तर तिला आधी नोटीस द्यावी लागत होती. परत आलो, दुसरा चहा नाकारला, निघालो.

दुसरी हिवरा आश्रमला. शिवम नावाच्या पोराची, लालभडक, मागं डब्यांएवढे स्पीकर. धम्मशीला बसलीसुद्धा नाही. तिनं चाक आणि पत्र्याच्या मधल्या जागेत बोटं घातली. दोन बोटंही जाईनात.

"स्प्रिंगा कापल्या का बे?"

"मॅडम, लूक येते ना."

"अन् खड्डा आला म्हंजे? उचलून नेतं का गाडी?"

शिवम हसला. धम्मशीला हसली नाही. तिच्या हातातले दिवस संपत चालले होते. परतीच्या वाटेवर माझ्या शेजारी बसून तिनं इतके ब्रेक मारले की माझ्या गाडीला डावीकडं पेडल असतं तर चिखली यायच्या आत पॅड झिजले असते.

मधल्या काळात सगळ्या चिखलीनं सल्ले दिले. अॅव्हरेज किती देते, हे प्रत्येकानं विचारलं. पांढरीच घे, विकायला बरी. डिझेल घे. सनरूफ पाहा. ट्रॅक म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. आणि धम्मशीला रोज सकाळी शिकाऊ पोरांना "हळू, हळू, हळू" म्हणत त्याच त्या जालना रोडवर चाळीसच्या खाली फिरत होती. आवाज चढत चालला होता. एका गुरुजींना तिनं चक्क रडवलं.

तिसरी गाडी धामणगाव बढेला. मालक शंकरराव, निवृत्त जनावरांचे डॉक्टर, दाराची चौकट वाकून ओलांडणारे उंच गृहस्थ. गाडी निळी, पेट्रोलची, छोटी, पुसून ठेवलेली.

"एका हाताची गाडी आहे," ते म्हणाले. "घेतली तवापासून या सीटवर माह्याशिवाय कोणी बसलं नाई. घरची मंडळीसुद्धा मागं बसते."

"मागं कशाला?" मी विचारलं.

"बाजूले बसली की बोलते."

आतून बांगड्या वाजल्या, बहुतेक मुद्दाम.

मी चालकाच्या सीटवर बसले. अमरावतीला कॉलेजात असताना मी व्हॉलीबॉल खेळायची, ती उंची अजून फारशी झिजलेली नाही. सीट अशी बसली की जणू माझंच माप घेऊन शिवली होती. आरसा तेवढा हलवला. धम्मशीला डावीकडं, शंकरराव मागं. मोताळा पार केला आणि राजूर घाट चढायला घेतला.

घाटात ती एकदम शांत झाली. डोळे अर्धे मिटलेले, एक तळवा दारावर, एक डॅशबोर्डवर. मी माझ्या पद्धतीनं चालवत होते. एका वळणावर ट्रक आडवा आला आणि मी दोन्ही पाय एकदम दाबले. गाडी सरळ रेषेत थांबली. इकडं नाही, तिकडं नाही. मागून शंकररावांनी देवाचं नाव घेतलं.

"दुसऱ्यात टाका," धम्मशीला म्हणाली. "आता पाय ठेवा. ठेवा, ठेवा, काढू नका." इंजिन ओरडलं आणि गाडीनं चढ असा ओढला की मीच दचकले.

वर बुलढाण्याला पोचल्यावर तिनं खाली वाकून चाकं पाहिली, बॉनेट उघडलं, वंगणाचा वास घेतला. मग म्हणाली, "घेऊ."

कागदपत्रं झाली आणि शुक्रवारी गाडी आणायला गेलो, तेव्हा नेहमीसारखी ती डावीकडं बसली आणि चालवत मी आणली. यात काही चुकतंय असं दोघींच्याही मनात आलं नाही. रविवार आठवड्यावर आला होता आणि गाडी मिळाली होती, तेवढंच डोक्यात.

गल्लीत मनकर्णाबाई, म्हणजे शेजारीण, चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन उभीच होती. महामाया म्हणाली, "बाई, आमच्यात नसते हे."

"तुमच्यात नसते, पण गाडी माह्या दारासमोर लागीन ना? चाल धम्मशीले, तू बस आता, लिंबावून ने."

धम्मशीला पहिल्यांदा गाडीला वळसा घालून उजवीकडं आली. बसली. पाय लांब केला. क्लच होता तिथंच राहिला, पाय अलीकडं.

ती बुटकी आहे हे मी लिहिलं नव्हतं. आम्हाला कुणालाच ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

तिनं सीटखालची दांडी ओढली. सीट हलली नाही. मी मागून ढकललं, मनकर्णाबाईनं ढकललं. शंकररावांनी इतक्या वर्षांत सीट एकदाही सरकवली नव्हती आणि रूळ गंजून जमिनीशी एकजीव झाले होते. गल्ली जमली. कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "मॅडम, पहिले सीट, मंग आरसा, मंग बेल्ट!" सगळे खोखो हसले. त्यातले निम्मे तिनंच शिकवलेले.

धम्मशीला हसली नाही, रडलीही नाही. उतरून घरात गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री अर्जुनराव यांनी तेल सोडलं, हातोडी मारली. मग सांगितलं, रूळ कापावे लागतील, नवे अकोल्याहून मागवावे लागतील, रविवारच्या आत काही होत नाही. उगाच आशा दाखवली नाही हे बरं केलं. तेव्हा उपाय एकच उरला. महामायेनं घरच्या कापसाची उशी दिली, दगडासारखी ठासून भरलेली. ती पाठीशी घेतली की पाय पोचत होता. धम्मशीलानं आठवडाभर उशी घेऊन गाडी फिरवली आणि त्या आठवड्यात तिच्याशी कुणी धड बोलू शकलं नाही. भाजी घेताना ती भाजीवालीला म्हणाली, "लवकर, मांगं गाड्या उभ्या आहेत." मागं फक्त मी उभी होते.

शनिवारी पहाटे निघताना मनकर्णाबाई मुगाच्या डाळीचं कट्टं, म्हणजे छोटं पोतं, घेऊन हजर. तिचा मुलगा ज्ञानेश्वर पुण्याला असतो. कट्ट्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं, उरलेल्या सुतळीचा गुंडा वरच खोचलेला आणि त्यात पोती शिवायची दाभण. "अर्धी डाळ काढली की त्याले पुन्हा शिवाले लागीन. पुण्यात दाभण कुठी भेटते?"

"मावशी, मी ट्रॅकवर जाऊन राह्यली. ट्रान्सपोर्ट आहे का हे?"

"जाऊनच राह्यली त घेऊन जाय ना!"

कट्टं मागच्या सीटवर चढलं. भगवानराव काही खोटं बोलले नव्हते.

पुण्यापर्यंत तिनंच चालवलं. मी डावीकडं बसले आणि बोलत राहिले. रात्री करिष्माकडं उतरलो, रविवारी सकाळी ट्रॅकवर.

तिथं सगळी तरणी पोरं. गाड्यांना पट्टे, नंबर, मोठाले टायर. गाडी तपासणारा मुलगा सभ्य होता. मला म्हणाला, "मावशी, कोण चालवणार?" मी बोट दाखवलं. त्यानं धम्मशीलाकडं पाहिलं, मग गाडीच्या नंबरप्लेटवरचं अठ्ठावीस पाहिलं. "बुलढाण्याहून? चालवत?"

"हाव," धम्मशीला म्हणाली. "उडत त नाई येत."

त्यानं ब्रेक पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, चाकांच्या नटांना पाना लावला. सगळं ठीक. मग म्हणाला, गाडीतलं सुटं सामान बाहेर काढा. बाटल्या काढल्या, पायपुसणी काढली, जॅक काढला. डाळीचं कट्टं दोघांनी धरून उतरवलं आणि शेजारच्या पोरांनी त्याचे फोटो काढले. शेवटी त्याचा हात उशीवर पडला.

"ही चालणार नाही, मॅडम."

"माहा पाय पोचत नाई तिच्याशिवाय."

"पण जोरात ब्रेक लावला आणि ही सरकली, पेडलखाली गेली तर?"

हेच धम्मशीला स्वतः कुणालाही म्हणाली असती. चावी काढून पर्समध्ये टाकली असती. मुलगा ओशाळून म्हणाला, "असं करा, या मावशींकडं लायसन्स आहे ना? त्या सावकाश दोन फेऱ्या मारतील. तुम्ही बाजूला बसा. पहिल्या सत्रात सोबती चालतो."

आणि धम्मशीला खरोखर वळली. गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या दाराकडं गेली आणि तिनं दाराला हात घातला. वीस वर्षांची सवय, हात आपोआप तिथंच जातो.

माझं डोकं सटकलं. "तिकडं कुठं चाललीस? इकडं ये!"

"काकू, नियम आहे."

"नियम मी ऐकला. सुटं काही नको. मग सुटं ठेवत नाही."

मी कट्ट्यातली दाभण आणि सुतळीचा गुंडा काढला. आमच्याकडं पोतं शिवायला कुणाला बोलावत नाहीत, माझ्यासारख्या पदवीधर बायकासुद्धा खळ्यावर शिवत आल्या. उशी सीटच्या पाठीला लावली आणि चारी कडांनी सीटच्या कापडातून दाभण आरपार घालत टाके घेत गेले. वर सुतळीचे वेढे पाठीमागून आवळले. धम्मशीला गुडघ्यानं उशी दाबून धरत होती आणि सारखी म्हणत होती, "अजून एक, काकू. खालून. खालून घ्या." बोटाला दाभण लागली ती लागलीच. पट्टे लावलेल्या गाड्या एकेक करून रांगेला लागत होत्या.

त्या मुलानं सीटवर गुडघा टेकून दोन्ही हातांनी उशी ओढली. पुन्हा ओढली. मग त्यानं त्याच्या वरच्या माणसाला बोलावलं. त्यानं ओढली, टाके पाहिले, विचारलं, "कुणी शिवलं?" मी रक्ताचं बोट वर केलं. त्यानं काचेवर हिरवी चिठ्ठी चिकटवली.

धम्मशीलानं सीटकडं पाहिलं, आरसा हलवला, बेल्ट ओढून पाहिला. हेल्मेटच्या आतून तिचे ओठ हलताना मला दिसले.

पहिलं सत्र भिकार झालं. मी पत्र्याच्या शेडखाली उभी होते. प्रत्येक वळणाच्या किती तरी आधी तिचे मागचे लाल दिवे लागायचे. सगळे तिला ओलांडून गेले, एक तर हात दाखवून. ती परत आली, हेल्मेट काढलं, केस चिकटलेले.

"काकू, मी शिकवून राह्यली."

"कुणाला?"

"मलेच! आता हळू, आता ब्रेक, आता क्लच. बाजूले कोणी नाई अन् मीच बसली तिथं."

"मग उतरव तिला. मी उन्हात उभी आहे इथं."

ती पाणी अर्धं प्यायली, अर्धं डोक्यावर ओतलं आणि पुन्हा रांगेत गेली.

दुसऱ्या सत्रात दोन फेऱ्या तशाच गेल्या. तिसरीत शेडसमोरून निळी गाडी गेली तेव्हा आवाज वेगळा होता, घाटातल्यासारखा ओरडता. पुढच्या वळणावर लाल दिवे लागलेच नाहीत, माझाच पाय जमिनीवर दाबला गेला, आणि मग दिवे लागले, अगदी शेवटी. गाडी वळणात शिरली आणि पलीकडून निघाली. एकदा ती गवतात गेली, धुरळा उडाला. धुरळ्यातून निळं नाक बाहेर आलं, थांबलं, आणि पुन्हा रस्त्यावर चढलं. ज्यानं हात दाखवला होता त्याला तिनं जेवणाच्या सुट्टीआधी ओलांडलं. तिनं हात दाखवला नाही. मी दाखवला.

दुपारी संपलं. ती बाहेर आली ती कुरकुरतच. टायर कामाचे नाहीत. तिसरा गिअर लवकर संपतो. मागून हलकी आहे. "काकू, पुढच्या टायमाले दुसरी पाहाले लागते."

"आधी हिची सीट तर सरकू दे."

ज्ञानेश्वर येऊन कट्टं घेऊन गेला. दाभण मी दिली नाही, त्याला म्हटलं, पुण्यात मिळते.

मग धम्मशीलानं पाना-पक्कडीचा डबा उघडला, ब्लेड काढलं आणि उशीचे टाके एकेक करून कापले. "तुमी चालवा," म्हणाली, आणि डावीकडं जाऊन बसली.

हायवेला लागायच्या आत तिनं चपला काढल्या आणि पाय वर घेतले. विहारात बसते तशी मांडी घातली आणि मान खिडकीला टेकवली. पुढं एका ट्रकनं अचानक वेग कमी केला. मी ब्रेक लावला, नेहमीसारखा उशिरा, दोघीही पुढं झुकलो. मी डावीकडं पाहिलं. तिचे पाय मांडीतच होते. अंगठासुद्धा हलला नव्हता. तोंड किंचित उघडं, घोरणं सुरू.

ट्रक बाजूला झाला आणि मी गिअर न बदलता तसाच पाय दाबला. गाडी धडधडायला लागली.

"काकू," ती डोळे न उघडता म्हणाली, "तिसरा टाका."